घरच्या मीटरवरून पार्किंगमध्ये चार्जिंग पॉइंट, १ वर्षाचा अनुभव

तळेगाव ते चाकण एमआयडीसी, जाऊन येऊन ४० किलोमीटर, रोज. इलेक्ट्रिक स्कूटर कुठली घेतली ते सांगत बसत नाही कारण गाडीचे रिव्ह्यू ढिगाने मिळतात, पण ती घरी लावायची कुठे आणि कशी यावर मला घ्यायच्या आधी नीट कुणी सांगितलंच नाही, म्हणून हे लिहितोय.

पहिले २ महिने मी चूकच करत होतो. पार्किंगमधल्या दिव्याच्या बोर्डावर ५ अँपियरचं सॉकेट होतं, चार्जरचा पिन मोठा, मग मध्ये कन्व्हर्टर प्लग लावून काम चालवलं. चार्जर ७५० वॉटचा, म्हणजे जेमतेम साडेतीन अँपियर, काय होणार असं वाटायचं. पण मिक्सर २ मिनिटं चालतो आणि हा सलग ३ तास, आणि कन्व्हर्टर जरा जरी ढिला बसला की तिथेच गरम व्हायला लागतं. एका रात्री जळका वास आला, खाली जाऊन बघतो तर पिन काळी पडलेली आणि सॉकेट वितळलेलं. २०२२ मध्ये वसईत घरात रात्रभर चार्जिंगला लावलेल्या बॅटरीचा स्फोट होऊन ७ वर्षांचं पोरगं गेलं होतं, ती बातमी डोक्यातून जाईना. दुसऱ्याच दिवशी वायरमनला फोन केला.

मीटर रूमपासून माझ्या पार्किंगपर्यंत १८ मीटर. फिनोलेक्सची ४ स्क्वेअर एमएम कॉपर वायर पीव्हीसी पाइपातून, १६ अँपियरचा एमसीबी (लोड जास्त झाला किंवा शॉर्ट झालं की पडणारा स्विच), ३० मिलीअँपियरचा आरसीसीबी (करंट गळायला लागला की लगेच लाइन तोडतो, शॉकपासून वाचवतो), मेटलचं इंडस्ट्रियल सॉकेट, वर कुलपाचा बॉक्स. मजुरी धरून साडेदहा हजार गेले. वायरमनदादा म्हणाले अडीचची वायर पण पुरेल, आणि आत्ताच्या लोडला ती पुरतेच, पण उद्या घरात दुसरी गाडी आली तर परत भिंत फोडायची नाही म्हणून मीच ४ ची घ्यायला लावली. पैसे वाचवायचे तर वायरीत वाचवा, आरसीसीबी मात्र अजिबात सोडू नका.

सोसायटीत थोडी कुरबुर झाली. सेक्रेटरी काका म्हणाले कॉमन लाइट बिल वाढेल. म्हटलं काका, लाइन माझ्या मीटरवरून येतेय, युनिट माझ्याच बिलात पडणार, आणि केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाच्या जानेवारी २०२२ च्या सूचनांमध्ये स्वतःच्या घरगुती कनेक्शनवरून गाडी चार्ज करता येते असं स्पष्ट आहे. प्रिंट काढून अर्जाला जोडली, मीटिंगमध्ये मंजूर झालं. महावितरणकडून चार्जिंगसाठी वेगळा मीटर पण घेता येतो, पण एका स्कूटरसाठी दुसरा स्थिर आकार भरणं मला परवडत नाही.

आता बिल. बॅटरी २.९ किलोवॉट-अवर (म्हणजे २.९ युनिट), रिकामी ते फुल करायला मीटरवर साधारण ३.३ युनिट पडतात (चार्जर गरम होतो त्यात थोडी जाते). माझी कामाच्या दिवशी अर्धी संपते, महिन्याला ४३ युनिटच्या आसपास. आधी घरचं ९० युनिट होतं, आता १३० च्या वर, म्हणजे १०० युनिटचा स्लॅब (दराचा टप्पा) ओलांडला. इथे बरेच जण घाबरतात की अख्खं बिल वरच्या दराने येईल, तसं नाही, १०० च्या पुढच्या युनिटनाच वरचा दर लागतो. बिल साडेचारशे-पाचशेने वाढलं, आणि जुन्या गाडीला पेट्रोल महिन्याला २४०० चं लागायचं. लाइनचा खर्च सहाव्या महिन्यातच निघाला.

त्रास सगळ्यात जास्त दिला अर्थिंगने (गळलेला करंट जमिनीत सोडणारी जोडणी). एप्रिलमध्ये गाडी अचानक चार्जच घेईना, मला वाटलं चार्जर गेला. वायरमनने सॉकेटच्या न्यूट्रल आणि अर्थमध्ये व्होल्ट मोजायचा मीटर लावला तर १८ व्होल्ट, २-३ च्या पुढे जायला नको. बिल्डिंगचा अर्थिंगचा खड्डा ठणठणीत कोरडा. बादल्या भरभरून पाणी ओतलं आणि तासाभरात गाडी चार्ज व्हायला लागली. आता उन्हाळाभर दर रविवारी पाणी घालतो, पूर्ण सोसायटीच्या सेफ्टीचा प्रश्न आहे तो.

जुलैत एकदा आरसीसीबी ट्रिप होऊन सकाळी बॅटरी ३१ टक्के, हाफ डे टाकावा लागला. बॉक्सचं तोंड पावसाच्या बाजूला होतं, पाणी आत गेलेलं. चिडचिड झाली खरी, पण ओल्या बॉक्सला मीच हात लावला असता हे आठवलं की त्या ट्रिपबद्दल बरंच वाटतं. बॉक्स फिरवून घेतला, त्यानंतर एकदाही नाही. एवढ्यासाठी १ स्टार कापतो, पाचपैकी ४.

माझी रीत म्हणाल तर आल्या आल्या लावत नाही, अर्धा-पाऊण तास गाडी थंड होऊ देतो, ९ ला लावतो आणि झोपायच्या आधी खाली जाऊन काढतो. बॅटरी काढून वर हॉलमध्ये आणता येते पण आणत नाही, दोन लहान मुलं आहेत घरात.

पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी पण गाडी बुक केलीय, त्यांची वायर माझ्याच पाइपातून जाते का बघायला वायरमनदादा रविवारी येतायत.