ग्रामीण रुग्णालयातली टेली-ईसीजी सेवा: रोज वापरणाऱ्या सिस्टरचा अभिप्राय

आधी गुण सांगते, मग कारणं. छातीत दुखत आलेल्या पेशंटसाठी आमच्याकडे बसवलेल्या टेली-ईसीजी सेवेला, म्हणजे हृदयाचा आलेख दूरच्या केंद्रातल्या डॉक्टरांकडून वाचून घ्यायच्या सोयीला, मी पाचपैकी साडेचार देईन. त्याच केंद्राकडून व्हिडिओवर तज्ज्ञ डॉक्टरांचा सल्ला मिळतो, त्याला तीन. या दोन्हींच्या मागे औषधाचा साठा आणि पुढच्या रुग्णालयातली खाट असायला हवी. त्या व्यवस्थेला मात्र गुण द्यायला माझं मन अजून तयार नाही.

मी तळकोकणातल्या एका ग्रामीण रुग्णालयात कॅज्युअल्टीला अधिपरिचारिका आहे. तीस खाटा. रात्रपाळीला एक मेडिकल ऑफिसर, मी आणि कक्षसेवक. हृदयरोगतज्ज्ञ सोडाच, फिजिशियनचं पदही कधी भरलेलं, कधी रिकामं. आमच्याकडे येणारा माणूस छातीवर हात ठेवून म्हणतो, "सिस्टर, गॅस धरलो हा, एक सुई मारा नि घराक सोडा." त्याआधी घरी सोडा पिऊन, ओवा खाऊन दोन-तीन तास गेलेले असतात. मधुमेह असलेल्या बायका तर छातीचं नावच घेत नाहीत. जबडा दुखतो, पाठ भरून आली, दम लागतो, एवढंच सांगतात.

पूर्वी अशा पेशंटचा ईसीजी काढायचा, मेडिकल ऑफिसरनी तो बघायचा, शंका वाटली की पुढे पाठवायचं. शंका जवळजवळ नेहमीच वाटायची, कारण रात्री दोन वाजता एकट्याने "हा अटॅकच आहे" असं ठरवून रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन द्यायला छाती लागते. त्या इंजेक्शनने शंभरात साधारण एकाला मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. एमबीबीएस होऊन नुकत्याच रुजू झालेल्या मुलामुलींवर तो भार टाकणं मला कधीच बरोबर वाटलं नाही. मग पेशंट 108 मधून घाटाकडे किंवा गोव्याकडे निघायचा आणि हृदयाचा स्नायू वाटेत मरत राहायचा.

आता काय होतं ते सांगते. मशिन साधारण जाडजूड वहीएवढं. पेशंट आला की दहा मिनिटांच्या आत ईसीजी निघाला पाहिजे, हा नियम. बोलायला सोपा आहे, पण अटॅकचा माणूस घामाने निथळत असतो. चोषकाचे रबरी गोळे छातीवर टिकतच नाहीत, टपाटप सुटतात. आधी गॉजने कोरडं करायचं, केस असतील तर ब्लेड फिरवायचं, मग जेल. लाल वायर उजव्या हाताला, पिवळी डाव्या, हिरवी डाव्या पायाला, काळी उजव्या. छातीवरचे पहिले दोन चौथ्या बरगडीच्या खालच्या फटीत, बोटाने मोजून. घाईत ते गळ्याच्या बाजूला वर सरकतात आणि आलेख भलताच दिसतो. बटण दाबलं की आलेख मशिनमधल्या सिमवरून केंद्रावर जातो. तिथले डॉक्टर चोवीस तास हेच वाचत बसलेले असतात. अहवाल सहसा दहा मिनिटांच्या आत येतो, आणि अटॅक असेल तर अहवालाच्या आधी फोन वाजतो.

हा फोनच या सेवेचा जीव आहे. नुसता कागद आला असता तर मी तीनच गुण दिले असते. फोनवरचा माणूस विचारतो, दुखणं कधी सुरू झालं, बीपी किती, वजन किती, पूर्वी कधी मेंदूत रक्तस्राव झाला होता का, अलीकडे ऑपरेशन, डोक्याला मार, शौचातून काळं जाणं, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का. हे प्रश्न आमच्याही तक्त्यावर छापलेले आहेत, पण समोर पेशंट तडफडत असताना दुसऱ्या कुणीतरी शांत आवाजात एकेक विचारणं वेगळं. मग डोस. टेनेक्टेप्लेज, म्हणजे गुठळी विरघळवणारं ते इंजेक्शन, वजनावर देतात: साठ किलोच्या आत 30 मिलिग्रॅम, तिथून दर दहा किलोला पाच वाढवत नव्वदच्या वर 50. पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना अर्धा. एकदाच, शिरेतून, काही सेकंदांत. जुनं स्ट्रेप्टोकायनेज अर्धा-पाऊण तास सलाईनमधून चालायचं आणि बीपी धाडकन खाली यायचं. ज्यांनी ते दिलंय त्यांनाच या एका सिरिंजची किंमत कळेल.

एक गोष्ट मी मुद्दाम सविस्तर सांगते. हृदयाच्या खालच्या बाजूचा अटॅक असला की केंद्रावरून हमखास सांगतात, "सिस्टर, उजव्या छातीवरचा लीड काढून पाठवा, तोवर जिभेखालची गोळी देऊ नका." कारण हृदयाचा उजवा कप्पाही अटॅकमध्ये सापडला असेल तर त्या सॉर्बिट्रेटच्या गोळीने बीपी कोसळतं. आमच्या भागात छातीत दुखलं की शेजारीपाजारीसुद्धा ती गोळी जिभेखाली सारतात. एका मावशींच्या बाबतीत हे सांगणं वेळेवर आलं. ट्रेमधली गोळी ट्रेमध्येच राहिली, उजवा आलेख बिघडलेला निघाला, सलाईन सुरू केलं, बीपी सावरलं आणि मग इंजेक्शन गेलं. त्यांची बहीण दारात उभी राहून विचारत होती, "थंयसून तेंका सगळा कळता काय?" तिला मी खरं तेच सांगितलं, त्यांना आलेख दिसतो, तुमची बहीण आम्हाला दिसते, दोन्ही मिळून कळतं.

वायरींची अदलाबदल झाली तर केंद्र आलेख परत पाठवतं, पुन्हा काढायला लावतं. पहिला ईसीजी चांगला आला तरी "दुखणं चालू आहे ना? पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा" असं म्हणतं. इंजेक्शननंतर तास-दीड तासाने परत ईसीजी मागवतात. वर चढलेली रेघ निम्म्याने तरी खाली आली नसेल तर औषध लागू पडलेलं नाही, पेशंट ताबडतोब अँजिओप्लास्टीला गेला पाहिजे. लागू पडलं असेल तरी चोवीस तासांच्या आत अँजिओग्राफी हवी. नातेवाइकांना हे पटवणं सर्वांत कठीण, कारण दुखायचं थांबलेलं असतं आणि त्यांना घरी जायचं असतं.

ईसीजी तारेवरून पाठवायची कल्पना मुळात नवीन नाही. ईसीजीचे जनक आइनथोव्हेन यांनी 1905 साली नेदरलँड्समधल्या लायडनला रुग्णालयातल्या पेशंटचे हृदयाचे ठोके टेलिफोनच्या तारेवरून दीडेक किलोमीटरवरच्या आपल्या प्रयोगशाळेत उतरवले होते. आपल्याकडे शेजारच्या गोव्याने हे फार नेटकं केलं. 'स्टेमी गोवा' प्रकल्पात (स्टेमी म्हणजे हृदयाची रक्तवाहिनी पूर्ण बंद होऊन येणारा मोठा अटॅक) बांबोळीचं गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेज, मध्यभागी, आणि तालुक्यांतली आरोग्य केंद्रं त्याला जोडलेली. आलेख वाचणारे, मोफत इंजेक्शन आणि पेशंट घेणारं रुग्णालय हे तिन्ही एकाच साखळीत. सावंतवाडी-दोडामार्गकडची माणसं पिढ्यानपिढ्या बांबोळीला जातात, त्यामुळे तो फरक आम्ही डोळ्यांनी पाहतो.

आमची अडचण नेमकी तिथे आहे. फोनवर डॉक्टर म्हणतात "आत्ता इंजेक्शन द्या", आणि कपाटात ते नसतं. मागणीपत्र गेलेलं असतं, साठा यायचा असतो. अशा वेळी अचूक निदान हातात घेऊन उभं राहण्याचा जो त्रास होतो तो मी कुणाला समजावू शकत नाही. दुसरं, ज्या मोठ्या रुग्णालयात पाठवायचं तिथला फोन रात्री उचलला जात नाही, किंवा "खाट नाही" असं उत्तर येतं, आणि टेली केंद्राच्या हातात तिथली खाट नसते. अर्ध्या तासाच्या आत इंजेक्शन, हे उद्दिष्ट भिंतीवर लावून भागत नाही.

व्हिडिओ सल्ल्याला तीनच गुण का, तेही सांगते. अपघाताच्या पेशंटपाशी सहा हात कामात असतात, कॅमेरा धरायला सातवा नसतो. डोळ्याची बाहुली दाखवा म्हणतात, तर टॉर्चच्या उजेडात पडद्यावर सगळं पांढरं दिसतं. जून-जुलैत लाईट गेली की टॉवरही जातो. पण पक्षाघाताच्या बाबतीत याच सेवेने उपकार केलेत. आमच्याकडे सीटी स्कॅन नाही. साडेचार तासांच्या आत इंजेक्शन मिळायचं तर पेशंट थेट सीटी असलेल्या ठिकाणीच गेला पाहिजे, मधल्या रुग्णालयात थांबता कामा नये. तोंड वाकडं, हात गळलेला, बोलणं अडखळतंय हे पडद्यावर बघून डॉक्टर तिथल्या तिथे ठिकाण ठरवतात. फुरसं चावलेल्यांसाठी तर साधा फोन पुरतो. काचेच्या नळीत रक्त वीस मिनिटं न हलवता ठेवायचं, गोठलं नाही तर प्रतिविष. ते वाचायला कॅमेरा कशाला हवा?

2020 च्या मार्चमध्ये केंद्र सरकारने टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांत तातडीच्या पेशंटला दुरून फक्त प्रथमोपचार, जीव वाचवणारा सल्ला आणि पुढे कुठे न्यायचं ते सांगावं, प्रत्यक्ष उपचारात उशीर होऊ देऊ नये, असं म्हटलंय. ते योग्यच आहे. म्हणून घरी बसून छातीत दुखतंय म्हणत ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सेवेवर रांग लावू नका. ती ओपीडीची सोय आहे. 108 लावा आणि जिथे ईसीजी निघेल तिथे या.

ज्या रुग्णालयांत ही सेवा अजून यायची आहे तिथल्या सहकाऱ्यांना माझं एवढंच सांगणं: मशिन घेताना दोन कंपन्यांची सिम लागतील असंच मागा, ईसीजीचे रोल वर्षभराचे मागा, जेल मागा, आणि टेनेक्टेप्लेजच्या निदान दोन कुप्या कपाटात आल्याशिवाय उद्घाटनाची तारीख देऊ नका.