लाइटरूम क्लासिक आणि साडेपाच तासांचा घोळ

फोटोंसाठी लाइटरूम क्लासिक हे अ‍ॅडोबीचं फोटो लावण्या-सुधारण्याचं सॉफ्टवेअर घेतलं तर पैसे वसूल होतात, यात वाद नाही. पण फोनवरचे व्हिडिओही त्याच कॅटलॉगमध्ये, म्हणजे त्याच्या नोंदवहीत, टाकणार असाल, तर एक गोष्ट आधीच माहीत असलेली बरी. व्हिडिओची वेळ चुकली तर ती सुधारायची सोय यात आहे, मात्र ती करताना भारतीय वेळेचा विचार कुणी केलेला दिसत नाही.

आधी वेळ चुकते का, ते पाहू. फोटोत, म्हणजे जेपीईजी फाइलमधल्या एक्झिफ नावाच्या नोंदीत, घड्याळात दिसणारी स्थानिक वेळ लिहिलेली असते. एमपी४ आणि मूव्ह या व्हिडिओ फाइलींचं तसं नाही. त्यांच्या मुख्य नोंदीत १ जानेवारी १९०४ पासून किती सेकंद झाले, एवढाच आकडा असतो आणि नियमाप्रमाणे तो यूटीसीत, म्हणजे भारतापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाणवेळेत, मोजायचा असतो. कुठल्या टाइमझोनमध्ये शूट केलं, हे लिहायला त्या नोंदीत जागाच नाही. अँड्रॉइड फोन नियम पाळतात. कित्येक कॅमेरे मात्र त्याच जागी सरळ स्थानिक वेळ लिहून मोकळे होतात. मग वाचणाऱ्या सॉफ्टवेअरने विश्वास कुणावर ठेवायचा? आकडा जसाच्या तसा घेतला तर फोनचे व्हिडिओ साडेपाच तास मागे जातात, आणि यूटीसी समजून बदलला तर कॅमेऱ्याचे साडेपाच तास पुढे. आयफोन मूव्ह फाइलमध्ये टाइमझोनसकट दुसरी एक वेळ वेगळी लिहून ठेवतो. ती नोंद जे सॉफ्टवेअर वाचतं, त्यात आयफोनच्या क्लिपा सहसा बरोबर लागतात.

याचा फटका सगळ्यात जास्त बसतो तो रात्रीच्या शूटिंगला. २०२५ ची अनंत चतुर्दशी ६ सप्टेंबरला होती. त्या रात्री विसर्जन मिरवणुकीत १ वाजून ८ मिनिटांनी काढलेला फोटो ७ तारखेला बरोबर लागतो. दोनच मिनिटांनी, १ वाजून १० मिनिटांनी घेतलेला व्हिडिओ मात्र ६ तारखेच्या संध्याकाळी ७.४० ला जाऊन बसतो. मध्यरात्र ते पहाटे ५.२९ या वेळातली प्रत्येक क्लिप अशीच आदल्या दिवशी ढकलली जाते.

म्हणून इंपोर्ट करताना उजवीकडच्या डेस्टिनेशन पॅनेलमध्ये 'बाय डेट' ठेवू नका, 'इनटू वन फोल्डर' घ्या. तारखेनुसार फोल्डर इंपोर्टच्या क्षणीच बनतात. नंतर वेळ सुधारली तरी फाइल जुन्याच फोल्डरमध्ये पडून राहते, लाइटरूम ती आपणहून हलवत नाही. इंपोर्टवेळी तारखेचं टेम्प्लेट लावून नाव बदललं असेल तर नावातही चुकीची तारीख घुसते. हे दोन्ही निस्तरत बसण्यापेक्षा सगळं एका फोल्डरात उतरवून, वेळ सुधारून, मग वाटणी करणं सोपं.

दुरुस्तीआधी फरक नेमका किती आहे ते मोजा. त्याच प्रसंगाचा त्याच फोनवरचा फोटो शेजारी ठेवला की कळतं. बरोबर ५ तास ३० मिनिटं असेल तर टाइमझोनचा घोळ. क्लिपच्या लांबीइतकाच फरक असेल, समजा चार मिनिटांच्या क्लिपला चार मिनिटं, तर त्या फोनने रेकॉर्डिंग संपल्याची वेळ नोंदवली आहे, त्याला हात लावू नका. दिवसांचा किंवा महिन्यांचा फरक असेल तर क्लिप बहुधा व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली किंवा नंतर ट्रिम केलेली असते. त्यात मूळ वेळ उरलेलीच नसते, ती हातानेच भरावी लागते. फाइलच्या नावावरून ताळा करणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं: सॅमसंगच्या नावात स्थानिक वेळ असते, तर पिक्सेलच्या पीएक्सएलने सुरू होणाऱ्या नावात यूटीसी. पिक्सेलचं नाव आणि आतली चुकीची दिसणारी वेळ एकमेकांशी जुळतात, आणि माणसाला वाटतं की सगळं ठीक आहे!

आता मुख्य सोय. लायब्ररीत क्लिपा निवडून मेटाडेटा मेनूतलं 'एडिट कॅप्चर टाइम' उघडलं की तीन पर्याय येतात. टाइमझोन असं स्पष्ट लिहिलेला पर्याय दुसरा, आणि हात आपसूक तिकडेच जातो. तिथे यादीत फक्त पूर्ण तास आहेत. पाच घ्या किंवा सहा घ्या, साडेपाच नाही. काठमांडूहून आलेल्याने पावणेसहा तर मागूच नयेत. व्हिडिओ इंपोर्ट लाइटरूममध्ये २०१० च्या तिसऱ्या आवृत्तीपासून आहे. इतक्या वर्षांत अर्ध्या तासाची एक ओळ वाढवायला हरकत नव्हती.

कामाचा आहे तो पहिला पर्याय, ठरावीक तारीख-वेळ लिहिण्याचा. नावावरून वाटतं की निवडलेल्या सगळ्या क्लिपांना एकच वेळ चिकटेल, म्हणून लोक बिचकतात. तसं होत नाही. खिडकीत जी क्लिप दिसते तिला तुम्ही नवी वेळ देता, आणि तिच्यात जितका फरक पडला तितकाच बाकीच्यांमध्ये पडतो. १९.४० च्या जागी दुसऱ्या दिवशीचे ०१.१० लिहिले की निवडलेल्या सगळ्या क्लिपा साडेपाच तास पुढे सरकतात आणि त्यांच्यातलं आपापसातलं अंतर कायम राहतं. तारीख बदलायला विसरलात तर मात्र साडेअठरा तास मागे जाल. चुकलंच, तर त्याच मेनूत 'रिव्हर्ट कॅप्चर टाइम टू ओरिजिनल' आहे.

निवड करतानाच खरी काळजी घ्या. फिल्टर बारमध्ये अ‍ॅट्रिब्यूटखाली व्हिडिओचं चिन्ह दाबा, म्हणजे बरोबर असलेले फोटो सोबत सरकणार नाहीत. कॅमेऱ्याच्या क्लिपाही त्यात मिसळल्या असतील तर टेक्स्ट फिल्टरमध्ये फाइलच्या नावाची सुरुवात टाकून फोनच्या तेवढ्या वेगळ्या काढा. दुबईच्या क्लिपा पुण्याच्या लॅपटॉपवर उघडल्यास आणि सॉफ्टवेअरने लॅपटॉपचा टाइमझोन लावल्यास फरक दीड तासाचा पडतो, म्हणून प्रत्येक ठिकाणचा गठ्ठा स्वतंत्र सुधारायचा.

या सगळ्यात खटकणारी गोष्ट एकच, पण मोठी. व्हिडिओच्या बाबतीत ही सुधारलेली वेळ कॅटलॉगमध्येच राहते, मूळ फाइलमध्ये उतरत नाही. फाइल दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नेली, किंवा नव्या कॅटलॉगमध्ये पुन्हा इंपोर्ट केली, की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. 'एक्स्पोर्ट अ‍ॅज कॅटलॉग' केलं तर दुरुस्ती सोबत जाते, पण ते लाइटरूम वापरणाऱ्यापुरतंच.

यावर साधी तोड म्हणजे वेळ सुधारून झाल्यावर क्लिपा निवडून एफ२ दाबणं आणि तारीख-तास-मिनिट-सेकंद असं टेम्प्लेट लावून नाव बदलणं. नाव डिस्कवरच्या फाइलचंच बदलतं, त्यामुळे बरोबर वेळ निदान नावात तरी कायमची राहते. फाइलच्या आतच वेळ बदलायची असेल तर एक्झिफटूल हे मोफत साधन आहे. कमांड लिहावी लागते, पण तासांबरोबर मिनिटंही सरकवता येतात, आणि क्विकटाइमच्या, म्हणजे एमपी४ आणि मूव्ह फाइलमधल्या, वेळा यूटीसी धरून वाचण्याचा वेगळा पर्यायही त्यात आहे. तरीही फोनच्या मूळ फाइलवर ते चालवू नये असं आमचं मत. फोनने लिहिलेली यूटीसी वेळ नियमानुसार बरोबरच आहे. ती साडेपाच तास पुढे ढकलली, की जी सॉफ्टवेअर आजवर नीट दाखवत होती, तीच उद्या चुकीचं दाखवू लागतील. चालवायचंच असेल तर कॉपीवर चालवा.

ज्यांच्याकडे व्हिडिओ थोडे आणि फोटो जास्त, त्यांनी लाइटरूम क्लासिकच ठेवावं. पहिला पर्याय आणि एफ२ एवढ्यावर काम भागतं. लग्नाचं किंवा मिरवणुकीचं तीन-चार फोनांवरचं शूटिंग दर आठवड्याला एकत्र करणाऱ्यांनी आधी प्रत्येक फोनवर एकाच घड्याळाची दहा सेकंदांची क्लिप घ्यावी. इंपोर्टनंतर कुठल्या फोनचा फरक किती, हे त्या क्लिपवरून लगेच दिसतं, आणि 'एडिट कॅप्चर टाइम'मध्ये त्या फोनच्या गठ्ठ्यासाठी तीच क्लिप पुढे ठेवून घड्याळात दिसणारी वेळ टाइप करता येते.