भोंगा की व्हॉट्सअ‍ॅप?

फ्लू आपल्याकडे वर्षातून दोनदा डोकं वर काढतो: जानेवारी ते मार्च आणि पावसाळ्यात. साताऱ्यातल्या पाटण-जावळीच्या वाड्यांवर सूचना पोचवायची कशी? ग्रुपवरचा मजकूर पुन्हा वाचता येतो, पण काढ्यांच्या फॉरवर्डखाली तो गाडला जातो. शिवाय डोंगरात रेंज कुठली! ग्रामपंचायतीचा भोंगा ओट्यावरच्या आजीलाही ऐकू जातो. मात्र त्यावरची दोनच वाक्यं लक्षात राहतात, म्हणून ती नेमकी हवीत: गरोदर बाई, म्हातारी माणसं, दमेकरी, मधुमेही यांना ताप-खोकला आला तर लगेच सरकारी दवाखाना गाठा. फ्लूचं औषध, ऑसेल्टामिविर, पहिल्या 48 तासांत सुरू झालं तर जास्त गुण देतं. ‘काळजी घ्या’ एवढंच ओरडून काय उपयोग? माझं मत भोंग्याला, तेही सकाळी, माणसं रानात जायच्या आत.