रंगवलेलं इंजिन आणि माझे सव्वादोन लाख

गेल्या आठवड्यात आमच्या होडीवाल्यांच्या ग्रुपवर कुणीतरी एक जाहिरात पुढे पाठवली. 40 एचपी फोर-स्ट्रोक आउटबोर्ड (होडीच्या मागच्या फळीला बाहेरून लावायचं इंजिन), सिंगल हँड, गोड्या पाण्यात वापरलेलं. फोटोत निळा ड्रम आणि मागे पत्र्याची शेड. ती शेड मी लगेच ओळखली. गेल्या ऑगस्टमध्ये मी तिथेच सव्वादोन लाख रुपये मोजले होते, आणि जाहिरातीतले शब्दही जवळजवळ हेच होते. त्या माणसाचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण प्रकरण चालू आहे. पण झालं काय ते सगळं सांगतो. 1 जूनला मासेमारीबंदी लागली की होड्या वर ओढतात, इंजिनं उतरवतात, पावसात एखादी होडी धक्क्यालाच बुडते, आणि बंदी उठली की अशी इंजिनं रंग लावून विकायला निघतात.

माझी होडी केरीला असते, पेडण्यात, तेरेखोलच्या मुखाशी. पर्यटकांना नदीतून वर किरणपाण्याच्या बाजूला खारफुटी दाखवायला नेतो आणि समुद्र शांत असला तर मुखाबाहेर डॉल्फिन दाखवायला. म्हणजे एकाच इंजिनाकडून दोन वेगळी कामं. नदीत तासभर अगदी हळू, आवाज न करता चालायचं, नाहीतर पक्षी उडतात. आणि मुखाशी वाळूच्या बांधावर लाट उभी राहते तिथून भरल्या होडीनिशी एका दमात बाहेर पडायचं. तिथे इंजिन अडखळलं तर होडी आडवी होते.

चौदा वर्षं मी टू-स्ट्रोक चालवलं. लिटरमागे 20 मिली ऑइल पेट्रोलात मिसळायचं, नदीत हळू चाललं की धूर मागच्या बाकावर बसलेल्यांच्या तोंडावर. लहान मुलं खोकायची. पेट्रोलही फार खायचं. फोर-स्ट्रोकला ऑइल वेगळं असतं, धूर नाही, हळू चालवताना आवाज जेमतेम. नदीसाठी त्याच्यासारखं इंजिन नाही, हे आजही माझं मत आहे. वजन मात्र जास्त. माझं जुनं सत्तरएक किलोचं, हे शंभराच्या आसपास, आणि ते सगळं होडीच्या मागच्या फळीवर येणार. म्हणून जायच्या आधी मी तयारी केली होती. मागच्या फळीची उंची मोजली, 20 इंची शाफ्टचंच इंजिन लागेल हे पक्कं केलं, फळीला आतून सागाची जोडफळी मारून घेतली, पेट्रोलची टाकी पुढे सरकवली. बाहेरून मोजता येतं ते सगळं मी मोजलं होतं.

भावोजींना घेऊन सकाळी दहाला तिथे पोचलो. दक्षिण गोव्यातली जागा, जेटीपासून जवळ. माणूस बोलायला गोड. "या पात्रांव, तुम्ही येणार म्हणून मी मघाशीच चालू करून बघितलं, चला दाखवतो." इंजिन पाणी भरलेल्या ड्रममध्ये उभं होतं. एका स्टार्टरला सुरू झालं, पाण्याची धार जोरात, धूर नाही. मी इंजिनाची टोपी, म्हणजे वरचं आवरण, काढून ब्लॉकला हात लावला तर गरम लागला. तेव्हा मला वाटलं, माणसाने आपल्यासाठी तयारी करून ठेवली आहे. ऑइलची पट्टी काढली तर ऑइल मधासारखं स्वच्छ. वाटलं, निगा चांगली आहे. रंग नवा होता, अगदी खाली गिअरबॉक्सवरच्या जस्ताच्या वडीपर्यंत. तेही मला नीटनेटकेपणाच वाटलं.

या तिन्ही गोष्टींनी मला सावध करायला हवं होतं. तिन्हींमुळे माझा विश्वास बसला.

कधी पाण्यात पडलंय का, हे मी विचारलं होतं. "छे छे, धरणाच्या पाण्यात चाललेलं आहे, समुद्र बघितलेला नाही," तो म्हणाला. पण हे तोंडी. 25 हजार फोनवरून दिले, 2 लाख त्याने रोखच मागितले. बायकोच्या बांगड्या पतसंस्थेत ठेवून ती रक्कम उभी केली होती. बिल नंतर देतो म्हणाला आणि वहीच्या कागदावर लिहून दिलं: एक जुनं 40 एचपी इंजिन, जसं आहे तसं. इंजिनाच्या नंबराची पट्टी कुठे आहे म्हटलं तर, "स्टिकर असतो तो, पाण्याने जातो."

सप्टेंबरपासून सकाळचा त्रास सुरू झाला. रात्रभर थंड राहिलं की चार-पाच वेळा स्टार्टर मारल्याशिवाय घेत नव्हतं. एकदा चालू झालं की दिवसभर ठीक. फोन केला तर, "प्लग बदला." बदलले. मग, "पेट्रोलात पाणी असेल, फिल्टर बदला." तोही बदलला. प्रत्येक वेळी मी पैसे घातले आणि प्रत्येक वेळी चार दिवस बरे गेले.

ऑक्टोबरच्या शेवटी एका दुपारी पुण्याचं कुटुंब होतं. सहा माणसं, त्यात एक आजी आणि चार-पाच वर्षांची मुलगी. डॉल्फिन दिसले, सगळे खूश. परत येताना मुखाच्या बांधाजवळ इंजिनाचा भोंगा वाजायला लागला, इंजिनाचे फेरे आपोआप कमी झाले आणि आतून एकदा खडखड होऊन ते बंद पडलं. ओहोटी जोरात होती. नदीचं पाणी आम्हाला परत समुद्राकडे, लाट फुटत होती त्या बाजूला ढकलायला लागलं. नांगर टाकला. पहिल्यांदा तो वाळूत घसरत गेला. दोरी हातातून सरकते आणि खाली काहीच धरत नाही, तेव्हा काय वाटतं ते सांगता येत नाही. मग धरला. आजींनी माझं मनगट पकडलं होतं, एक शब्द बोलल्या नाहीत. आमच्याच धक्क्यावरच्या दुसऱ्या होडीने येऊन दोरी घेईपर्यंत वीस मिनिटं गेली. सगळ्यांच्या अंगात लाइफ जॅकेट होतं आणि वारा नव्हता, म्हणून मी आज हे लिहू शकतोय. त्या लोकांचे पैसे मी परत केले. ते घेत नव्हते, तरी दिले.

इंजिन शिरोड्याच्या मेस्त्रींकडे नेलं. साठी उलटलेला माणूस, आउटबोर्डांत आयुष्य गेलेलं. त्यांनी आधी सिलिंडरांतला दाब मोजला. दोन सिलिंडर सारखे, तिसऱ्यात एक तृतीयांशाने कमी. सिलिंडरांमधला फरक दहा टक्क्यांच्या वर गेला की आत काहीतरी बिघडलंय, असा त्यांचा हिशेब. मग फ्लायव्हीलवरचं झाकण काढून मला जवळ बोलावलं. झाकणाच्या आतल्या कडेला सुकलेल्या गाळाचा पापुद्रा होता, पापडासारखा. नखाने उचलला तर अख्खा निघाला. हे झाकण इंजिनाच्या सगळ्यात वर असतं. तिथे नदीचा गाळ उडून जात नाही. तिथे तो बसतो तेव्हा पाणी त्याच्याही वर गेलेलं असतं.

"ह्यां इंजिन बुडालेलां आसा, बाबा," ते म्हणाले. "एक-दोन तास नाय. रात्रभर."

पुढे उघडत गेले तसं एकेक दिसत गेलं. वायरींच्या जोडांत हिरवी बुकणी. थर्मोस्टॅटच्या झाकणाखाली मिठाचा पांढरा थर, म्हणजे धरणाच्या पाण्याची गोष्टही खोटी. क्रँकच्या बेअरिंगवर गंजाचे बारीक खड्डे. भोंगा तापल्याचा नव्हता, ऑइलचा दाब गेल्याचा होता.

मेस्त्रींनी समजावलं ते सगळ्यांनी समजून घ्या. फोर-स्ट्रोक इंजिन खाऱ्या पाण्यात बुडालं तर ते संपलंच असं नाही. वर काढल्यावर काही तासांच्या आत गोड्या पाण्याने धुवायचं, प्लग काढून सिलिंडरमधलं पाणी बाहेर काढायचं, ऑइल दोन-तीनदा बदलायचं आणि त्याच दिवशी चालवायचं. तसं केलं तर ते जगतं. पण ते पडून राहिलं की मीठ आणि हवा मिळून आतलं पोलाद खायला लागतात. नंतर ऑइल बदलून चालू केलं तर ते चालतंही, आणि छान चालतं. खड्डे पडलेलं बेअरिंग महिना-दोन महिने काढतं. विकणाऱ्याला तेवढेच पुरतात.

गरम इंजिनाचं कारणही तेव्हाच कळलं. दाब कमी झालेला सिलिंडर थंडीत पेट घेत नाही, धातू तापून फुगला की फट कमी होते आणि एका स्टार्टरला घेतो. त्याने ते माझ्यासाठी तयार ठेवलं नव्हतं, माझ्यापासून लपवायला तापवून ठेवलं होतं. स्वच्छ ऑइलचं तेच. वापरलेलं काळं ऑइल निदान काहीतरी सांगतं, नवं ऑइल काहीच सांगत नाही. आणि ती रंगवलेली जस्ताची वडी. ती वडी इंजिनाऐवजी स्वतः झिजायला लावलेली असते, तिच्यावर रंग चढला की ती कामाची राहत नाही. इंजिन जाणणारा माणूस तिला कधी रंग लावणार नाही. ज्याला फक्त फोटो काढायचा आहे तोच लावतो.

दुरुस्तीचा अंदाज 1 लाख 30 हजार, तोही नंबराशिवाय नेमके पार्ट मिळाले तर. काम करून घेतलं नाही. विकणाऱ्याकडे गेलो तर तो म्हणाला, "बुडवलंत तुम्हीच, आणि कागदावर काय लिहिलंय ते वाचा." आवाजातला गोडवा गेला होता. भावोजी चिडून पुढे झाले, मी त्यांना धरून बाहेर आणलं.

पोलिसांकडे अर्ज दिला. भारतीय न्याय संहितेत फसवणुकीचं कलम 318 आहे, पूर्वी ज्याला लोक चारसोवीस म्हणायचे ते. आणि जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली. मला बऱ्याच जणांनी सांगितलं होतं की धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूची तक्रार तिथे चालत नाही. तसं नाही. स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू असेल तर 2019 च्या कायद्यात तुम्ही ग्राहकच आहात. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, वस्तूचे दिलेले पैसे 5 लाखांपर्यंत असतील तर फी नाही, मुदत दोन वर्षं. माझ्या हातात काय आहे, तर जाहिरातीचा स्क्रीनशॉट, ज्यात "गोड्या पाण्यात वापरलेलं" असं लिहिलंय, आणि त्या मिठाच्या थराचे, गाळाच्या पापुद्र्याचे मेस्त्रींनी झाकण काढतानाच काढायला लावलेले फोटो. 25 हजारांचा पुरावा फोनवर आहे. 2 लाख रोखीचा नाही, आणि सगळ्यात जास्त त्रास मला त्याचाच होतो. एका दिवसात एका माणसाकडून 2 लाख किंवा जास्त रोख घेणं आयकर कायद्यालाही मान्य नाही. रोखच द्या म्हणणाऱ्याला हे तोंडावर सांगा आणि बँकेतून द्या.

जुनं इंजिन बघायला जाणाऱ्याने काय करावं, ते मेस्त्रींच्या शब्दांत सांगतो. आदल्या दिवशी फोनवर सांगायचं की इंजिन चालू करू नका, आणि सांगितलेल्या वेळेच्या तासभर आधी जायचं. ब्लॉकला हात लावायचा, कोमट लागला तरी त्या दिवशी व्यवहार नाही. टोपी काढून स्क्रूंच्या खाचांत, नळ्यांवर, वायरींवर रंगाचे शिंतोडे आहेत का बघायचं. एखादा वायरचा जोड सोडून आत बघायचं, हिरवं दिसलं तर परत फिरायचं. गिअरबॉक्सचं ऑइल थोडं काढून बघायचं, दुधासारखं असेल तर पाणी शिरतंय. दाब मोजायचा, विकणारा नको म्हणाला तर तेच उत्तर समजायचं. इंजिन पेट्रोल-इंजेक्शनचं असेल तर बहुतेकांच्या संगणकात चाललेले तास असतात, अधिकृत सर्व्हिसवाल्याच्या लॅपटॉपवर ते दिसतात. नंबराची पट्टी नसलेलं इंजिन घ्यायचंच नाही.

आणि ड्रममधली ट्रायल ही ट्रायल नव्हे. ड्रममध्ये पंख्याला भार नसतो. इंजिन होडीला लावून, चार-पाच माणसं बसवून पूर्ण थ्रॉटल द्यायचा. या ताकदीची बहुतेक फोर-स्ट्रोक मिनिटाला 5000 ते 6000 फेऱ्यांच्या दरम्यान जायला हवीत. पंखा बरोबर असूनही तिथवर पोचत नसेल तर कारण कळल्याशिवाय पैसे काढू नका. "ट्रायल मिळणार नाही" म्हणणाऱ्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नका.

ती नवी जाहिरात मी फोनवर मोठी करून बघितली. गिअरबॉक्सवरची वडी रंगवलेली आहे. ग्रुपवर ते लिहिलं, तेव्हा आरोंद्याच्या एका मुलाचा फोन आला. तो परवा आगाऊ रक्कम देणार होता. वय पंचवीसच्या आत, पहिलीच होडी. तो आता थांबलाय.

मी सध्या जुनं टू-स्ट्रोकच चालवतोय, डॉल्फिनच्या फेऱ्या बंद ठेवून फक्त नदीत. मागच्या बाकावर कुणाला बसवत नाही. ते दुसरं इंजिन मेस्त्रींकडे सुटं करून पोत्यात बांधून ठेवलंय, आयोगात दाखवायला लागेल म्हणून. आमच्या पेडणे-सावंतवाडीच्या बाजूला कुणाला इंजिन बघायला जायचं असेल तर मेस्त्री बरोबर येतात, मीही येईन. फक्त सकाळी लवकर निघायचं, सातच्या आत पोचलं तर इंजिन थंड मिळतं.