मोठे घर, हाती थोडी रक्कम: पुण्यातील एका गृहकर्ज सल्लागाराचा अनुभव

धायरीतील वन बीएचके विकून, सासूबाई आणि दोन मुलांसह नीट राहता येईल असे ७५ लाखांचे घर घेताना आम्ही एका गृहकर्ज सल्लागाराची मदत घेतली. जुने घर ५२ लाखांना गेले, परंतु त्यावरील ३८ लाखांचे कर्ज फेडल्यावर हाती जेमतेम १४ लाख उरत होते.

पहिल्याच भेटीत त्यांनी वहीच्या पानावर मधोमध रेघ ओढून सगळा हिशेब मांडला. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार एवढ्या कर्जासाठी किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच रक्कम मिळते आणि मुद्रांक शुल्क व नोंदणी फी त्या किमतीत धरली जात नाही, हे आम्हाला तेव्हाच नीट कळले. खरेदी माझ्या एकटीच्या नावे केल्यास शुल्क ७ ऐवजी ६ टक्के लागते, संयुक्त नावावर ही सवलत मिळत नाही, हेही त्यांनीच सांगितले. त्यामुळे ७५ हजार रुपये वाचले. आमच्यासाठी ही रक्कम लहान नव्हती. तरीही सुमारे ६ लाख कमी पडत होते, ते ह्यांच्या पीएफमधून उभे केले.

एक तक्रार मात्र नोंदवते. पहिल्या बँकेने घराचे मूल्यांकन ७१ लाखच केले, तशी शक्यता असते याची पूर्वसूचना त्यांनी द्यायला हवी होती. दुसऱ्या बँकेत काम झाले, परंतु प्रक्रिया शुल्क दोनदा भरावे लागले. अशा काठावरच्या व्यवहारासाठी मी त्यांचे नाव तरीही सुचवेन.