‘प्रोजेक्ट मंजूर झालाय, फक्त अनामत भरा’

मायक्रोबायोलॉजी, बायोटेक, फार्मसी, फिजिओथेरपी, आयुर्वेद यांतलं काहीही लहान कॉलेजात शिकवत असाल, तर हे शेवटपर्यंत वाचा. संशोधनासाठी सरकारी ग्रँट मिळवून देतो असं सांगून पुण्यातल्या एका कन्सल्टन्सीने आमच्या संस्थेकडून जवळपास चार लाख रुपये उकळले. प्रकरण पोलिसांकडे आहे, म्हणून त्यांचं नाव लिहीत नाही. पण पद्धत सगळी सांगते, कारण नाव एका दिवसात बदलता येतं आणि पद्धत तीच राहते.

आमचं कॉलेज सिंहगड रोडच्या बाजूचं, एका छोट्या ट्रस्टचं. पाषाण रस्त्यावर एनसीएल आणि आयसर, विद्यापीठाच्या आवारात एनसीसीएस, पलीकडे एनआयव्ही, सगळ्या मोठ्या सरकारी संशोधन संस्था. तिथे प्रपोजलचा अर्थसंकल्प तपासायला माणसं असतात, खरेदीला वेगळी, हिशेबाला वेगळी. त्याच शहरात आमच्यासारखी कॉलेजं आहेत, जिथे प्रपोजल लिहायचं ते लेक्चर्स आणि प्रॅक्टिकल्स आटोपून, जर्नल्स तपासून झाल्यावर. त्यात नॅक, म्हणजे कॉलेजचं सरकारी मूल्यांकन. तिसऱ्या निकषात बाहेरून किती संशोधन निधी आला हे भरावं लागतं आणि आमच्या त्या रकान्यात वर्षानुवर्षं शून्य. पूर्वी यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, मायनर प्रोजेक्ट होते, लहान कॉलेजातल्या शिक्षकाला निदान सुरुवात तरी करता यायची. ते बंद झाले आणि आम्ही एकदम आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद), डीबीटी (केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग) यांच्या दारात जाऊन उभे राहिलो, मोठ्या संस्थांच्या रांगेत. हे लोक नेमके याच फटीत शिरतात.

त्यांची आमची ओळख झाली जंगली महाराज रस्त्यावरच्या एका हॉटेलातल्या कार्यशाळेत. बोलणारा माणूस अर्धवट माहितीवर बोलत नव्हता. आयसीएमआरचे अर्ज ईपीएमएस पोर्टलवर कसे भरायचे, डीबीटीचे ईप्रोमिस पोर्टलवर कसे, तज्ज्ञ समिती काय बघते, सगळं त्याने नीट सांगितलं. एकच गोष्ट तेव्हा खटकली होती. बायोटेक उद्योगांना मदत करणाऱ्या बायरॅक या सरकारी संस्थेची बीआयजी ग्रँट ‘कॉलेजला पन्नास लाख’ म्हणून तो सांगत होता. ती ५० लाखांपर्यंत मिळते हे खरं, मुदत १८ महिन्यांची हेही खरं, पण ती स्टार्टअपसाठी आणि उद्योजक होऊ पाहणाऱ्या व्यक्तींसाठी आहे, विभागाला उपकरणं घ्यायला नाही. पुण्यात एनसीएलच्या आवारातलं, स्टार्टअपना मदत करणारं व्हेंचर सेंटर या योजनेचं भागीदार आहे, तिथे कुणीही हे थेट विचारू शकतं.

आमचा विषय होता मधुमेही रुग्णांच्या पायाच्या जखमांमधले जंतू, त्यातले कुठले कोणत्या अँटिबायोटिकला दाद देत नाहीत आणि जखमेवर बायोफिल्म, म्हणजे जंतूंचा चिकट थर, किती प्रमाणात तयार होतं. जवळच्या एका लहान हॉस्पिटलमधले सर्जन आमच्याबरोबर होते. “मॅडम, तुम्ही फक्त सायन्स सांगा, बाकीची डोकेदुखी आमची,” असं कन्सल्टन्सीवाले म्हणाले. आमच्या प्राचार्यांना तर ते ‘सर, पुढच्या नॅकला तुमचा हा रकाना भरलेला असेल’ असंच सांगायचे.

पहिलं काम त्यांनी खरं केलं, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं आहे. स्वयंसेवी संस्थांची नोंद ठेवणाऱ्या नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवर ट्रस्टची नोंदणी करून दिली. आयडी आला, पोर्टलवर आमचं नाव दिसू लागलं. त्याचे त्यांनी १५,००० घेतले. ही नोंदणी मोफत आहे, ट्रस्टची कागदपत्रं आणि पदाधिकाऱ्यांचे पॅन, आधार हाताशी असले की कॉलेजचा क्लार्क घरबसल्या करू शकतो. पण खात्री पटायला तेवढं पुरलं. त्यानंतरचं प्रत्येक काम खोटं होतं आणि प्रत्येक खोट्या कामाला हा एक खरा आयडी जामीन राहिला.

मग ‘सायरो’, म्हणजे संशोधन संस्था म्हणून मिळणारी मान्यता. खासगी संस्थेला केंद्राच्या विज्ञान विभागांकडून निधी हवा असेल तर बहुतेक ठिकाणी डीएसआयआरची (केंद्राच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन विभागाची) ही मान्यता विचारतात, त्यामुळे मागणी रास्त वाटली. ६०,००० ‘फाइल फी’ घेऊन त्यांनी एक पोचपावती पाठवली. खऱ्या मान्यतेसाठी संस्थेत प्रत्यक्ष संशोधन चालू आहे का, त्यासाठी माणसं, जागा, उपकरणं आणि खर्चाचा वेगळा हिशेब आहे का, हे दाखवावं लागतं. हे आमच्याकडे कुणी मागितलंच नाही. काही न मागता कुणी मान्यता आणून देत असेल तर तिथेच थांबायला हवं.

तिसरी गोष्ट माझ्या दृष्टीने पैशांपेक्षा गंभीर आहे. रुग्णांच्या जखमेतले नमुने घ्यायचे तर एथिक्स कमिटीची परवानगी लागते. आमच्या कॉलेजला स्वतःची कमिटी नाही. अशा वेळी दुसऱ्या संस्थेच्या नोंदणीकृत कमिटीशी सामंजस्य करार करून तिच्यापुढे जाता येतं, आयसीएमआरच्या २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत तशी सोय आहे. कन्सल्टन्सीने ३५,००० मध्ये ‘क्लिअरन्स’ आणून दिला, आठवडाही उलटायच्या आत. पत्र शहरातल्या एका हॉस्पिटलच्या कमिटीच्या नावाचं होतं. आमच्या सर्जननी ते टेबलावर ठेवलं आणि चष्मा वर करून म्हणाले, “बैठक कधी झाली? कोण कोण हजर होतं?” पत्रावर दोन्ही नव्हतं. कमिटीत सात ते पंधरा सदस्य असतात, अध्यक्ष संस्थेबाहेरचा, एक कायदा जाणणारा, एक सर्वसामान्य नागरिक. निदान पाच जण हजर असल्याशिवाय निर्णय होत नाही. रुग्णाला द्यायचं माहितीपत्रक आणि संमतीपत्र मराठीत कसं आहे, हे तर कमिटी हमखास विचारते. आमचं मराठी संमतीपत्र तेव्हा लिहूनच झालं नव्हतं. मग मंजुरी कशाला दिली होती?

सर्जननी त्या पत्रावर एकही स्वॅब घ्यायला नकार दिला. पुढे आम्ही त्या हॉस्पिटलमध्ये जाऊन कमिटीच्या सचिवांना भेटलो, तेव्हा त्यांच्या नोंदवहीत आमचा विषयच नव्हता. २०१९ च्या नियमांनुसार अशा संशोधनाच्या कमिट्यांची केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाकडे नोंदणी लागते. पत्रावरचा नोंदणी क्रमांकही त्या कमिटीचा नव्हता. त्या कागदावर विसंबून आम्ही रुग्णांच्या जखमांना हात लावला असता तर काय झालं असतं, या विचाराने अजूनही जीव घाबरतो. ज्या आजीबाई ड्रेसिंगला येऊन बसतात, त्यांनी डॉक्टरांवर विश्वास ठेवून सही केली असती.

या शंका आम्ही कन्सल्टन्सीला कळवल्या. ‘टायपिंगची चूक, सुधारित पत्र येईल’ असं उत्तर आलं, आणि त्याच आठवड्यात मार्चअखेर गाठून त्यांनी मंजुरीपत्र पाठवलं. सरकारी निधी ३१ मार्चला लॅप्स होतो हे प्रत्येक अनुदानित संस्थेला माहीत असतं, ती भीती त्यांनी बरोबर वापरली. प्रोजेक्ट मंजूर, रक्कम ३८ लाख, मात्र ३१ तारखेच्या आत २,८८,००० ‘परतावायोग्य अनामत’ भरा, नाहीतर निधी परत जाईल. मी गावी होते, सर्जन ऑपरेशनमध्ये. एथिक्सच्या पत्राचं ट्रस्टला माहीत नव्हतं. ट्रस्टच्या ऑफिसातून संध्याकाळी आरटीजीएस झालं.

दुसऱ्या दिवशी व्हाउचर करायला कागद आमच्या अकाउंट्समधल्या काकांकडे आले. काका कॉलेजची शिष्यवृत्ती आणि एनएसएसचे पैसे सांभाळतात, बायोटेकचा त्यांचा संबंध नाही. त्यांनी पत्र उजेडाकडे धरलं. जाड कागद, वर सिंहमुद्रा, पण मुद्रेखाली ‘सत्यमेव जयते’ नाही. ते शब्द राजमुद्रेचा भाग आहेत, सरकारी पत्रावर ते गळत नाहीत. मग त्यांनी मला फोन केला. “मॅडम, सरकार पैसे द्यायच्या आधी पैसे मागत नाही हो. एनएसएसच्या वेळी आपण कधी अनामत भरली का? आणि सरकारी निधी ज्या पीएफएमएस प्रणालीतून येतो, तिचा कोडच यांनी विचारलेला नाही, मग पैसे टाकणार कुठे? हे खातंसुद्धा प्रायव्हेट लिमिटेडचं आहे.”

खरं मंजुरीपत्र कसं असतं ते नंतर आयसरमधल्या एका मित्राने दाखवलं. सगळी रक्कम एका ओळीत नसते. मनुष्यबळ, रसायनं आणि कन्झ्युमेबल्स, उपकरणं, प्रवास, किरकोळ खर्च, संस्थेचा ओव्हरहेड असे रकाने असतात आणि तेही वर्षनिहाय. पैसे टप्प्याटप्प्याने येतात, तेही संस्थेला, संशोधकाच्या नावावर नाही. मागचा हिशेब, म्हणजे सरकारी वित्तीय नियमांतल्या जीएफआर १२-ए नमुन्यातलं उपयोगिता प्रमाणपत्र आणि खर्चाचं विवरण, दिल्याशिवाय पुढचा हप्ता सुटत नाही. शिल्लक रकमेवरचं व्याजसुद्धा सरकारला परत करावं लागतं. पत्रात अटीच अटी असतात. आमच्या पत्रात एकच अट होती, अनामतीची.

पत्र ज्या सरकारी संस्थेच्या नावाचं होतं, तिच्या अधिकृत संकेतस्थळावरचा मी नंबर शोधून फोन केला. पत्रावर छापलेल्या नंबरवर मुद्दाम केला नाही. पलीकडच्या बाईंनी फाइल नंबर दोनदा विचारला आणि म्हणाल्या, असा नंबर आमच्याकडे पडतच नाही, आणि आम्ही कुणाकडून अनामत घेत नाही.

कन्सल्टन्सीला जाब विचारला तेव्हा उत्तर तयार होतं. ‘सर्ब आता राहिलं नाही, एएनआरएफ आलंय, नवी सिस्टिम आहे, खालच्या सेक्शनला माहीत नसतं.’ सर्ब म्हणजे संशोधनाला निधी देणारं केंद्राचं मंडळ, आणि ते आता राहिलं नाही हे खरं आहे. अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनचा (एएनआरएफ) कायदा २०२३ चा, फेब्रुवारी २०२४ मध्ये तो लागू झाला आणि सर्ब त्यात विलीन झालं. पण त्यामुळे कुठेही अनामत सुरू झालेली नाही. तेही पटेना म्हटल्यावर त्यांनी परदेशी फाउंडेशनचे पैसे देऊ केले. परदेशी देणगी घ्यायला संस्थेला एफसीआरए या परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते, पैसे आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या ठरावीक खात्यातच यावे लागतात, आणि आरोग्य संशोधनात परदेशी निधी किंवा सहकार्य असेल तर आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मंजुरी घ्यावी लागते. ही नावं काढल्यावर त्यांचे फोन बंद झाले.

त्याच दिवशी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार भरली आणि मग शिवाजीनगरच्या सायबर पोलीस ठाण्यात गेलो. आरटीजीएसची पावती, व्यवहाराचा यूटीआर नंबर, सगळे ईमेल, व्हॉट्सअॅपवरचं बोलणं सोबत नेलं होतं. अनामतीतला काही भाग पुढच्या एका खात्यात गोठवता आला. बाकी रक्कम तोवर तुकडे होऊन पुढे गेली होती. आधीच्या हप्त्यांबद्दल पोलीस म्हणाले, ‘सेवा दिलीय असं समोरचा म्हणेल’, म्हणून ती खोटी कागदपत्रं आता पुराव्याला महत्त्वाची ठरली आहेत. अशी पत्रं रागाने फाडू नका.

प्रपोजल सुधारून देणारे, इंग्रजी तपासून देणारे, संख्याशास्त्राचं गणित बघणारे लोक असतात आणि कामाचे पैसे घेतात, त्यात गैर काही नाही. मंजुरीचे पैसे घेणारा, मंजुरीची टक्केवारी ठरवणारा मात्र एक तर लाच देतोय किंवा खोटं बोलतोय. आयसीएमआर, डीबीटीकडे अर्ज करायला त्याची गरज लागत नाही. क्लिनिकल ट्रायलची सीटीआरआय या सरकारी नोंदवहीतली नोंदणीसुद्धा मोफत आहे. लहान कॉलेजने मोठ्या संस्थेतला एखादा सहसंशोधक गाठावा. पुण्यात अशी माणसं आहेत आणि ती वेळ देतात, हे आम्हाला या सगळ्यानंतर कळलं. आमच्या प्रपोजलचा अर्थसंकल्प आयसरच्या त्या मित्राने एका रविवारी बसून दुरुस्त करून दिला, चहाशिवाय काही घेतलं नाही.

हे लिहायची घाई एवढ्यासाठी की गेल्या महिन्यात बारामतीकडच्या एका कॉलेजातल्या ओळखीच्या प्राध्यापिकेने मला एक पीडीएफ पाठवली. त्यांना कुणीतरी ‘सॅम्पल प्रपोजल, हमखास मंजूर होणारं’ म्हणून दिलेली. मधुमेही पायाच्या जखमा, बायोफिल्म, आमचेच परिच्छेद, आमच्याच तक्त्यातली एक चुकलेली बेरीजसुद्धा तशीच. कन्सल्टन्सीचं नाव वेगळं, दर्पण नोंदणीचे पैसे तेच, १५,०००. ती पीडीएफ आम्ही तक्रारीला जोडली आहे आणि त्या प्राध्यापिकेने स्वतःची वेगळी तक्रार दिली आहे. तुमच्याकडे असं काही आलं असेल, पैसे भरले असोत वा नसोत, तुम्हीही द्या. एकेका कॉलेजची रक्कम लहान दिसते, पण तक्रारी एकत्र आल्या तर खाती आणि माणसं जुळवता येतात, असं तपास करणाऱ्या अधिकाऱ्यांनीच आम्हाला सांगितलं.