इंदूरच्या स्वयंपाकघरात एअर फ्रायर आणि हॉट डॉग : आठ महिन्यांनंतर

मागच्या धनत्रयोदशीला आमच्या सुदामानगरच्या घरात एअर फ्रायर आला. चार लिटरचा, १,५०० वॅटचा, जाड पिनांच्या प्लगचा. ओट्यावरच्या साध्या सॉकेटमध्ये तो प्लग बसेना, म्हणून पहिल्याच दिवशी इलेक्ट्रिशियनला बोलावून सोळा अँपिअरचा पॉइंट काढून घेतला. घेणार असाल तर हे आधी बघून ठेवा. तेव्हापासून आता आषाढ लागेपर्यंत जवळजवळ दर रविवारी त्यात हॉट डॉग झाले आहेत. बाकी पदार्थांबद्दल पुष्कळ जणांनी लिहिलंय, म्हणून मी फक्त याच एका पदार्थाबद्दल लिहिते.

आधी एक खुलासा. इंदूरमध्ये हॉट डॉग म्हटलं की लांबट पाव आणि सॉसेज कुणाच्या डोळ्यांपुढे येत नाही. छप्पन दुकान या इथल्या खाऊगल्लीत जॉनी हॉट डॉग नावाच्या दुकानात मिळतो तो आमचा हॉट डॉग. तव्यावर शेकलेला बन, आत बटाट्याची टिक्की किंवा मटण, आणि अंड्याचा असेल तर त्याला म्हणायचं बेंजो. आमच्या ह्यांचं लहानपण त्यावर गेलं. मुलांनी मात्र सॉसेजचा हॉट डॉग बाहेर खाल्लेला, त्यांना तोच हवा. त्यामुळे आमच्याकडे दोन्ही होतात आणि दोन्हींचे निकाल अगदी वेगळे लागतात. का, ते कळायला मला दोन-तीन महिने लागले.

सॉसेजपासून सुरू करते, कारण तिथे या यंत्राला तोड नाही. वर तापलेली कॉइल, तिच्यावर पंखा, आणि जाळीच्या भांड्यात चहूबाजूंनी फिरणारी गरम हवा, एवढाच हा कारभार आहे. तव्यावर सॉसेज जिथे टेकतं तिथेच लाल होतं, सतत लोळवत बसावं लागतं आणि तरी पट्टे पडतातच. इथे सगळीकडून सारखा रंग येतो. शिवाय सॉसेजच्या पोटातच चरबी असते. ती तापून बाहेर येते आणि सॉसेज स्वतःच्याच तुपात खरपूस होतं. वरून एक थेंब तेल लागत नाही.

माझी पद्धत आता ठरलेली आहे. चिकन सॉसेज शनिवारी रात्रीच फ्रीजरमधून काढून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवते. सकाळी प्रत्येकाला तीन-चार तिरक्या चिरा, अगदी उथळ. चिरा दिल्या नाहीत तर आतली वाफ कुठून तरी फुटून बाहेर येते, आणि खोल दिल्या तर सगळा रस भांड्यात उतरतो. यंत्र तीन मिनिटं रिकामं तापवून घेते, मग १८० अंशांवर सहा मिनिटं, मध्ये एकदा भांडं हलवून. थेट फ्रीजरमधून काढलेल्या दगडासारख्या सॉसेजला सुरी लागत नाही. ते आधी १६० वर चार मिनिटं ठेवायचं, बाहेर काढून चिरा द्यायच्या, मग १८० वर पाच मिनिटं. २०० वर मी पुन्हा जाणार नाही. रंग झटकन येतो, पण ताटात येईपर्यंत सॉसेज सुरकुततं आणि चावायला रबरी लागतं.

पाकीट नीट वाचा. बहुतेक फ्रोझन सॉसेज आधीच शिजवलेली असतात, वरचे आकडे त्यांचे आहेत. कच्ची असतील तर दुपटीच्या आसपास वेळ लागतो आणि चिकनचा मधला भाग ७४ अंशांपर्यंत तापायलाच हवा. सुई-थर्मामीटर नसेल तर कच्च्याच्या वाटेला जाऊ नका.

आता बन. सगळी अडचण इथे आहे.

पहिल्यांदा मी बन सॉसेजबरोबरच आत ठेवले. दुसऱ्याच मिनिटाला जळका वास. उघडून पाहिलं तर एका बनाचा वरचा अर्धा भाग पंख्याच्या ओढीने उडून कॉइलला चिकटला होता. पाव हलका असतो, तो उडतोच. वरून टूथपिक टोचली की राहतो जागेवर. पण उडणं थांबलं तरी वाळणं थांबत नाही. बनाच्या पोटात चरबी नाही, पाणीही बेताचंच, आणि फिरती गरम हवा म्हणजे कडक उन्हात वारा सुटल्यासारखं. तीन मिनिटांत त्याचा टोस्ट होतो. आतल्या बाजूंना लोणी लावून, बाहेरून ओला हात फिरवून, मिटून १६० वर दीड मिनिट ठेवला तर बरा होतो. सॉसेज काढल्यावर यंत्र बंद करून उरलेल्या उष्णतेत दोन मिनिटं ठेवला तर त्याहून बरा. पण तव्यावर लोण्यात शेकलेल्या बनाची सर त्याला येत नाही, हे आठ महिन्यांनी मी खात्रीने सांगते. म्हणून आता सॉसेज यंत्रात आणि त्याच वेळी बन शेजारी गॅसवर. यात वेळेचाही फायदा झाला. आम्ही पाच माणसं, चार लिटरच्या भांड्यात एका थरात सहा सॉसेज मावतात. बनही त्यातच करायचे म्हटलं तर दुसरी खेप निघेपर्यंत पहिली गार.

लांबट बन आमच्या बाजूच्या बेकरीत रोज नसतात. गोल बन घ्यायचा, सॉसेज मधोमध आडवं कापायचं, दोन्ही तुकडे उभे चिरून पुस्तकासारखे उघडायचे आणि कापलेली बाजू वर ठेवून भाजायचे. कडा जास्त खरपूस होतात. धाकट्याला आता तसंच आवडतं.

इंदुरी हॉट डॉगची गोष्ट उलटी. बटाट्याची टिक्की यंत्रात केली की वरून कोरडी, फिकट पापुद्र्याची होते. बन कोरडा, टिक्कीही कोरडी, घशाखाली उतरेना. ह्यांनी पहिल्या घासाला ताट बाजूला सरकवलं आणि मला ते मनाला लागलं. नंतर लक्षात आलं की ज्याच्या पोटात स्वतःचं तूप नाही त्याला ते आपण द्यायला हवं. आता टिक्कीत थोडे भिजवून पिळलेले पोहे घालते, दोन्ही बाजूंना ब्रशने चांगलं चमचाभर तेल लावते आणि १९० वर बारा मिनिटं, मध्ये एकदा उलटून. बाहेर कुरकुरीत, आत मऊ. तळण्याच्या मानाने तेल तरीही कितीतरी कमी. छप्पनवरची चव येते का? नाही येत. ती तापलेल्या तव्याची चव आहे. बेंजोचं अंडं तर मी यंत्रात घालतच नाही.

जीरावन, म्हणजे आमच्या इंदूरकडचा वरून भुरभुरायचा मसाला, मात्र दोन्हींवर पाहिजे, पण बाहेर काढल्यावर. एकदा आधी भुरभुरलं तर अर्धं पंख्याने उडवलं, कॉइलवर जाऊन जळलं आणि घरभर ठसका. चीजचं तेच. पातळ काप नुसता वर ठेवला तर उडून भिंतीला चिकटतो, सॉसेजच्या चिरेत दाबून बसवला तर राहतो.

साफसफाईबद्दल दुकानात कुणी नीट सांगत नाही. सॉसेजची चरबी खालच्या खणात साचते, तापते आणि दुसऱ्या खेपेला पांढरा धूर निघतो. खणात दोन-तीन चमचे पाणी घालून ठेवलं की धूर होत नाही. खण कोमट असतानाच गरम पाणी आणि भांड्यांचा साबण घालून ठेवावा. थंडीत डिसेंबर-जानेवारीत ती चरबी मेणासारखी गोठायची. महिन्यातून एकदा यंत्र पूर्ण गार असताना, प्लग काढून, उलटं करून कॉइल ओल्या फडक्याने पुसते. तारेची घासणी एकदाच लागली, तेवढ्यात जाळीच्या एका कोपऱ्याचं कोटिंग गेलं. जाळीच्या कोपऱ्यांना रबरी बुटं असतात, त्यांतलं एक मार्चमध्ये सुटलं आणि मुलीच्या हॉट डॉगमध्ये सापडलं. नशीब, तिने चावायच्या आधी पाहिलं. कंपनीच्या सेवा केंद्राला तीन फोन केले, सुटं बूट मिळत नाही म्हणाले. दर वेळी भाजायच्या आधी चारही बुटं बोटाने चाचपून बघा.

सासूबाई शाकाहारी आहेत. सॉसेज झालेल्या जाळीतली टिक्की त्या खाणार नाहीत, कितीही घासली तरी. सिलिकॉनचं भांडं आत ठेवून पाहिलं. त्यांचं म्हणणं, ‘हवा तर तीच फिरते ना गं?’ हे मला पटलं. कॉइलवर चरबीचे शिंतोडे असतातच. म्हणून त्यांची टिक्की तव्यावरच होते.

तेल कमी म्हणून हा पदार्थ पथ्याचा झाला, असं कृपया समजू नका. सॉसेज हे प्रक्रिया केलेलं मांस आहे, त्यात मीठही भरपूर. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये अशा मांसाला कर्करोग होण्यास कारणीभूत असलेल्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकलं. एअर फ्रायर त्यात काही बदल करू शकत नाही. आमच्याकडे म्हणूनच आठवड्यातून एकदा, माणशी एकच. आणि तीन वर्षांचा भाचा येतो तेव्हा त्याचं सॉसेज मी उभं चिरून त्याच्या बारीक पट्ट्या करते. गोल चकत्या लहान मुलाच्या घशात बरोबर अडकतात.

विजेची काळजी नको. बारा मिनिटं सलग १,५०० वॅट धरले तरी ०.३ युनिट होतं. उन्हाळ्यात गॅसपुढे उभं राहावं लागलं नाही, याचं मोल मला त्याहून जास्त वाटलं.

शेजारच्या भाभींचा सावन उत्तरेकडच्या पंचांगाप्रमाणे आमच्या श्रावणाच्या पंधरा दिवस आधीच लागतो. तो लागला की खिडकीतून वास जाऊ नये म्हणून मी सॉसेज बंद करते, म्हणजे दीड महिना तरी टिक्कीच. त्या आधी कॉइल घासून पुसून घेणार आहे आणि कोटिंग गेलेल्या जाळीच्या जागी नवी मागवली आहे. ती फक्त शाकाहारी पदार्थांसाठी ठेवू का, असं काल सासूबाईंना विचारलं. ‘आधी येऊ दे, मग बघू,’ म्हणाल्या.